एक्झिट टेस्टमध्ये दाताबाहेरचंही विचारा: दंतशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय दंत आयोग कायद्याखाली अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणारे सदस्य,
तसेच दंतविद्याशाखेचे अभ्यास मंडळ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

स. न. वि. वि.

२०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्याने १९४८ चा डेंटिस्ट्स ॲक्ट मोडीत काढला आणि बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद केली. नाव, नॅशनल एक्झिट टेस्ट (डेंटल). प्रॅक्टिसचा परवाना तिच्यावर अवलंबून राहणार, म्हणजे कॉलेजात काय शिकवलं जातं ते यापुढे छापील अभ्यासक्रमापेक्षा ही परीक्षाच ठरवेल. मी ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी, मुलांच्या भाषेत ओएमआर, हा विषय शिकवतो. माझं मागणं दोन वाक्यांत मावतं. या परीक्षेने रोगाचं नाव विचारून थांबू नये. समोर बसलेल्या माणसाचं आज काय करायचं आणि त्याला परत कधी बोलवायचं, हे विचारावं. आणि ज्या विद्यार्थ्याने एकाही पेशंटचा पाठपुरावा बायोप्सीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत केलेला नाही, त्याला परीक्षेला बसू देऊ नये.

हे एवढं अडून बसण्यासारखं का वाटतं, ते सांगतो.

ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघतात आणि जवळपास ८० हजार माणसं त्याने जातात. साऱ्या जगातले नवे रुग्ण ३ लाख ९० हजारांच्या घरात आहेत. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ओझं एकट्या आपल्याकडे. फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग लपून वाढतो, तिथे डॉक्टरचा नाइलाज असतो. तोंडातलं मात्र खुर्चीवरचा दिवा लावला की दिसतं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तीस ते एकोणपन्नास वयोगटातल्या फक्त ०.९ टक्के बायका आणि १.२ टक्के पुरुषांनी सांगितलं, की कर्करोगाच्या शंकेने आपलं तोंड कधीतरी कुणी तपासलंय. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं असताना ही गत आहे.

आमच्या ओपीडीत येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांची गड्डी असते. तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्स. महिन्याने ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची पेस्ट. मग दुसऱ्या कंपनीची तीच पेस्ट. मग गम पेंट. सगळ्याच चिठ्ठ्या दातांच्या डॉक्टरच्या नसतात, पण असतात त्यातल्या काही. जिभेच्या कडेला व्रण आणि त्याला लागून खालच्या दाढेचं तुटकं टोक. टोक लागून जखम झाली असावी, हा चिठ्ठी लिहिणाऱ्याचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो. पण मग टोक घासून गुळगुळीत करायचं, दोन आठवड्यांनी पेशंटला परत बोलवायचं आणि तरीही व्रण भरला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. यातलं काहीच त्या चिठ्ठ्यांवर नसतं. लिहिणाऱ्याला ज्ञान नव्हतं असं म्हणवत नाही. ट्रॉमॅटिक अल्सर (लागून झालेला व्रण) आणि स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडात नेहमी आढळणारा कर्करोग) यांतले फरक त्याने वायव्हात घडाघडा सांगितलेले असतात. दोन आठवड्यांचा नियमही पाठ असतो. दोन आठवड्यांनी परत आलेला पेशंट मात्र त्याने कॉलेजात कधी बघितलेला नसतो.

का नसतो? पोस्टिंगमुळे, म्हणजे बॅच एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहते त्यामुळे. पहिल्या वर्षाला मुलं तोंडाच्या आवरणाची सूक्ष्म रचना शिकतात. तिसऱ्या वर्षाला ओरल पॅथॉलॉजीच्या जर्नलमध्ये तीच रचना बिघडली की कशी दिसते ते गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी काढतात. फार सुंदर काढतात काही जणी. पेशींची केंद्रकं मोठी, गडद, एकमेकांवर चढलेली, खाली एपिथेलियल डिस्प्लेशिया (कर्करोगाआधीचा पेशींचा बिघाड) असं नेटकं लेबल, त्याखाली मॅडमची सही. शेवटच्या वर्षाला ती मुलगी ओएमआरच्या पोस्टिंगला येते तोवर ते जर्नल माळ्यावर गेलेलं असतं. आता तिला केस पेपर भरायचे असतात, एक्स-रे काढायचे असतात, कोटा संपवायचा असतो. इतक्या केस हिस्टरी, इतके आयओपीए म्हणजे दातांचे छोटे एक्स-रे, प्रत्येकावर सही. पेशंटच्या गालात पांढरा चट्टा दिसला तर ती कागदावर ल्युकोप्लेकिया, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारा चट्टा, असं लिहिते, बायोप्सी सांगितली जाते, तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून दुसऱ्या मजल्यावरच्या पॅथॉलॉजीला जातो. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर तिची बॅच पेडोला, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या विभागात, गेलेली असते. रिपोर्ट बघायला ती आलीच, तर तिकडच्या सरांची बोलणी खाऊन येते.

म्हणजे जर्नलमधलं चित्र, खुर्चीतलं तोंड आणि छापील रिपोर्ट या तिन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर एकाच पेशंटच्या संदर्भात कधी येत नाहीत. आपल्याकडे ओरल मेडिसिन आणि ओरल पॅथॉलॉजी असे दोन स्वतंत्र विभाग आहेत, दोन्हींत एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेता येते, दोन्हींत चांगले शिक्षक आहेत. एवढी मांडणी कित्येक श्रीमंत देशांकडे नाही. पण या दोन विभागांमधला जिना चढायला विद्यार्थ्याला वेळापत्रकात तासच ठेवलेला नाही.

परीक्षेचं तर विचारूच नका. प्रॅक्टिकलला साधा, बोलका, दात किडलेला आणि हिरड्या सुजलेला पेशंट मिळावा म्हणून मुलं आदल्या रात्री फोनाफोनी करतात. वीस मिनिटांच्या केस प्रेझेंटेशनमध्ये क्रॉनिक जिंजिव्हायटिसवर गाडी सुरळीत निघून जाते. परीक्षकालाही दिवसभरात बॅच संपवायची असते. मीही परीक्षक म्हणून गेलोय. त्या खोलीत लाल-पांढरा चट्टा असलेला पेशंट बसलेला दिसला तर नवल वाटतं, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

आता बाहेर काय चालतं ते पाहू. 'परदेशात बघा' असं म्हणायची आपल्याकडे सवयच आहे, आणि तसं म्हणणारा बहुधा एकाच देशाचं एकच चकचकीत उदाहरण देतो. प्रत्यक्षात हा विषय कसा शिकवावा यावर जगात एकमत नाही. युरोपीय संघाचा नियम दंतवैद्याच्या शिक्षणाला किमान पाच वर्षं आणि ५,००० तास मागतो. पण त्या तासांत तोंडाच्या आवरणावर किती जातात ते देशागणिक, कॉलेजागणिक बदलतं. जर्मनीत ओरल मेडिसिन ही दंतवैद्यांची वेगळी विशेषज्ञ शाखाच नाही, आणि तिथली दंतशिक्षणाची १९५५ ची नियमावली बदलायला २०२१ उजाडलं. अमेरिकेत ओरल मेडिसिनला विशेषज्ञ शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०२० मध्ये. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून या विषयात एमडीएस होतात. तेव्हा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही.

घेण्यासारखं आहे ते वेगळंच. ब्रिटनच्या जनरल डेंटल काउन्सिलच्या कागदपत्रांत विषयांच्या याद्यांपेक्षा, कॉलेजातून बाहेर पडणाऱ्याला काय करता आलं पाहिजे, हे लिहिलेलं असतं. पुढे प्रॅक्टिस करतानाही तोंडाच्या कर्करोगाचं लवकर निदान हा सातत्याने शिकत राहण्याच्या शिफारस केलेल्या विषयांत असतो. शिवाय सगळ्यांना एकच ठोस आकडा दिलेला आहे. नाइस या तिथल्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे तोंडातला कारण न समजलेला व्रण तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर कर्करोगाच्या शंकेने तातडीने पुढे पाठवण्याचा विचार करायचा. लीड्सचा विद्यार्थी असो की कार्डिफचा, त्याच्या डोक्यात रोगाच्या नावाबरोबर कॅलेंडरही पक्कं बसतं.

अमेरिकेने ऑगस्ट २०२० पासून आयएनबीडीई ही दंतवैद्यांची राष्ट्रीय परीक्षा आणली. आधी मूलभूत विषयांचा एक भाग आणि क्लिनिकल विषयांचा दुसरा, अशी फाळणी होती. ती मोडून ५०० प्रश्नांची एकच परीक्षा केली. त्यातल्या पुष्कळ प्रश्नांआधी पेशंटची चौकट असते: वय, तक्रार, चालू औषधं, जुने आजार, तपासणीत काय आढळलं. त्या माणसाला धरून प्रश्न विचारलेला असतो. शरीरक्रियाशास्त्र वेगळं आणि ओरल मेडिसिन वेगळं, ही सोयच विद्यार्थ्याला उरत नाही. कॅनडाचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ ऑस्कीच्या पद्धतीने परीक्षा घेत आलंय. ऑस्की म्हणजे ठरावीक मिनिटांची ठाणी, प्रत्येक ठाण्यावर एक काम. ही पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली आणि आता आपल्या एमबीबीएसवाल्यांनाही ती चांगली ठाऊक आहे. जपानमध्ये विद्यार्थ्याने पेशंटला हात लावण्याआधीच ऑस्की आणि संगणकावरची परीक्षा द्यावी लागते. स्वीडनमधल्या माल्मो इथे १९९० पासून अख्खा दंत अभ्यासक्रम समस्येभोवती बांधलाय: आधी पेशंटची अडचण, मग ती समजायला लागेल तेवढं शरीरशास्त्र आणि विकृतीशास्त्र. माल्मोचं मॉडेल आपल्या शंभराच्या वर्गात चालेल असं मला वाटत नाही. आठ-दहा जणांच्या गटामागे एक शिक्षक आपण कुठून आणणार?

आपल्याला जवळचं उदाहरण ब्राझीलचं आहे. मोठा देश, लांब अंतरं, सरकारी दवाखान्यात एकटा बसलेला दंतवैद्य. तिथल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात विद्यापीठाच्या दूरवैद्यक केंद्राने एस्तोमातोनेट नावाची सेवा चालवली. प्राथमिक केंद्रातला दंतवैद्य चट्ट्याचे फोटो आणि पेशंटची माहिती पाठवतो, आणि तज्ज्ञ त्याला कळवतो की याला तुम्हीच सांभाळा, की बायोप्सीला पाठवा. यातला शिकवण्याचा भाग मला मोलाचा वाटतो. जो दंतवैद्य दर वेळी स्वतःचा अंदाज लिहून पाठवतो आणि दर वेळी उत्तर मिळवतो, तो वर्षभरात किती तयार होत असेल! बरोबर की चूक हे कळण्याची ही सोय आपल्या बीडीएसच्या पाच वर्षांत कुठेही नाही.

तैवानने २००४ पासून सुपारी खाणाऱ्या आणि धूम्रपान करणाऱ्या लोकांची तोंडं देशभर तपासायला घेतली, तेव्हा त्या कामात दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघेही होते. आणि केरळ तर आपलंच. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पदवीधरांना प्रशिक्षण देऊन घरोघरी तोंडं बघायला पाठवलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. नजर तयार करायला पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लागत नाही, हे त्या मुलामुलींनी दाखवून दिलंय. मग पाच वर्षं घालवूनही ती तयार होत नसेल तर आमचं शिकवणं कुठे मुरतं, ते तपासायला हवं.

उलटी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या जनरल डेंटिस्टला अख्ख्या कारकिर्दीत तोंडाचे कर्करोग मोजकेच दिसतात. तिथला विद्यार्थी फोटोंवर, सराईत नटांवर आणि संगणकावर शिकतो, कारण त्याला पर्याय नाही. ओरल सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे सुपारीमुळे तोंड आखडत जाण्याचा आजार, तर त्याच्या लेखी दक्षिण आशियातून आलेल्या लोकांचा आजार. आमच्याकडे तेवीस-चोवीस वर्षांची पोरं तो घेऊन येतात. खर्रा, मावा, गुटखा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पोरांच्या तोंडाकडे बघून तसं वाटत नाही. पहिली तक्रार कर्करोगाची नसतेच. भाजी तिखट लागते, ठेचा झोंबतो, पूर्वी खाता येत होता आता येत नाही, एवढंच. मग पाणीपुरी तोंडात मावेनाशी होते. गालाच्या आतली कातडी संगमरवरासारखी फिकट पडते, बोट फिरवलं की दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात. तोंड किती उघडतं हे मिलिमीटरमध्ये मोजून पेपरावर तारखेसह लिहिलं तरच पुढच्या भेटीत कमी झालं का ते कळतं. ही मोजपट्टी धरायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, आणि तरीही आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर असा आकडा मला क्वचित दिसतो.

या आजाराचं ज्ञान इथूनच जगात गेलंय, हे आपल्या मुलांना सांगायचं राहून जातं. श्वार्ट्झने १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि त्यांचे सहकारी डेन्मार्कच्या पिंडबोर्गना बरोबर घेऊन खेडोपाडी फिरले. १९६९ मध्ये ५०,९१५ गावकऱ्यांच्या तपासणीचा अहवाल आला, आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांचा. कोपनहेगनचा प्राध्यापक तोंडातले चट्टे बघायला आपल्या गावांत येत होता. पुढे २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायची नुसती सुपारीही माणसात कर्करोग करते असं ठरवलं, त्यामागेही आपल्या भागातल्या अशा कामाचा पाया होता. असं असताना आपला विद्यार्थी पांढऱ्या चट्ट्याचा फोटो शिकतो तो बहुतेक वेळा गोऱ्या माणसाच्या तोंडातला. सावळ्या माणसाच्या हिरड्या आणि गाल मुळातच काळसर असतात. त्यावर लायकेन प्लॅनस या तोंडाच्या आवरणाच्या आजारातल्या पांढऱ्या जाळीभोवती काळपट डाग पडतात. पुस्तकातल्या गुलाबी गालावरची पांढरी जाळी ओळखणारा मुलगा इथे गोंधळतो.

हिस्टरीचंही तसंच. छापील केस पेपरवर प्रश्न असतो: तंबाखूची सवय आहे का? साठीच्या आजी मान हलवून नाही म्हणतात, आणि खरंच सांगत असतात. तंबाखू खाणं हे त्यांच्या लेखी नवऱ्याचं काम. दात कशाने घासता असं विचारलं की मिश्री निघते. दिवसातून किती वेळा असं विचारलं की सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर आणि रात्री झोपताना, आणि थोडी हिरडीत तशीच ठेवून. मग ती बाजू बघायची. कवळी असेल तर काढायला लावायची, कारण चट्टा तिच्याखालीच असतो. जीभ गॉजच्या कापडात धरून बाहेर ओढायची आणि दोन्ही कडा अगदी मागपर्यंत बघायच्या. जिभेखालचा भाग एक बोट आत आणि दुसरा हात हनुवटीखाली धरून चाचपायचा. शेवटी मान. हे सगळं चार-पाच मिनिटांत होतं. माझ्या मते या चार-पाच मिनिटांची एक्झिट टेस्ट घ्यावी, बाकीची नाही घेतली तरी चालेल. शेवटचं वाक्य रागात आलंय, पण खोडत नाही.

या विषयात फक्त कर्करोग येतो असंही कुणी समजू नये. २०२१ आठवतंय ना? कोविडची दुसरी लाट ओसरताना वरच्या जबड्यातले चार-पाच दात एकदम हलायला लागलेली माणसं दातांच्या दवाखान्यांत आली. मधुमेह, नुकतीच स्टेरॉइडं घेतलेली, गाल बधिर, हिरडीतून ठिकठिकाणी पू. ज्या डॉक्टरला प्रश्न पडला की हिरड्यांचा जुना आजार नसताना एकाच बाजूचे इतके दात आठवड्यात कसे हलले, त्याने म्युकरमायकोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी पुढे पाठवलं. काहींनी दात काढून अँटिबायोटिक दिलं, आणि त्या आजारात दोन-चार दिवसांची किंमत काय असते ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. म्युकर कुणाच्याही कोट्यात नव्हता. 'हे नेहमीसारखं नाही' असं वाटण्याची सवय कुठल्या कोट्यात असते?

आता अडचणी. माझे सहकारीच त्या पहिल्यांदा सांगतील. तीनशेहून जास्त कॉलेजांत हजारो मुलांची ऑस्की घ्यायची म्हणजे खर्च, परीक्षक, फुटलेले पेपर. मान्य. म्हणून निदान सुरुवात तरी संगणकावर चित्रं आणि पेशंटची चौकट देऊन करा. कॅनडानेही आपली ऑस्की पुढे संगणकावर नेली. नमुन्याला असा प्रश्न: ५८ वर्षांचे गृहस्थ, जिभेच्या डाव्या कडेला व्रण, महिनाभर आहे म्हणतात, शेजारी तुटकी दाढ, सोबत फोटो. नाव विचारू नका. आज काय कराल, कधी परत बोलवाल, परत आल्यावर तसाच असेल तर पुढचं पाऊल कोणतं, आणि तपासणीला पाठवताना चिठ्ठीत कोणत्या गोष्टी लिहाल, हे विचारा. नुसती पेस्ट लिहून देणाऱ्याचे गुण कापा. अशा प्रश्नांची गाइडं निघतील हे मला माहीत आहे. निघू देत, त्या गाइडांत निदान दोन आठवडे तरी छापून येतील.

दुसरी अडचण जास्त खरी आहे: काही कॉलेजांच्या ओपीडीत पेशंटच नसतात. पण पेशंट गावात आहेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायचा आराखडा केंद्राने २०१६ मध्येच दिलाय. आशाताई फॉर्म भरतात, उपकेंद्रावर तोंड बघितलं जातं, शंका आली की ग्रामीण रुग्णालयाकडे बोट दाखवलं जातं. मधल्या टप्प्यावर कितीजण गळतात ते त्या भागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. इंटर्नशिपचं वर्ष आहेच. त्यातला काही काळ इंटर्नला एका प्राथमिक आरोग्य केंद्राशी बांधा आणि शंकास्पद तोंडाचा माणूस निघाला की बायोप्सी, रिपोर्ट आणि पहिल्या उपचारापर्यंत त्याच्यासोबत जाण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका. परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत एकदा पेशंटबरोबर उभं राहिलेला मुलगा पुढे कधी 'तोंड आलंय' लिहून मोकळा होणार नाही, असं मला वाटतं. निदान मी तरी तेवढी आशा धरतो.

बीडीएसच्या शेवटच्या वर्षासाठीही तसंच. केस हिस्टऱ्यांचा कोटा कापून निम्म्यावर आणा आणि त्याजागी प्रत्येकाला तीन पेशंट द्या: एक तंबाखू-सुपारीचा, एक न भरणाऱ्या व्रणाचा, एक कुठलाही. पोस्टिंग बदललं तरी हे तिघे त्याचेच. रिपोर्ट येईल त्या दिवशी त्याने पॅथॉलॉजीत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली ती स्लाइड स्वतः बघायची आणि आपला आधीचा अंदाज त्याशेजारी लिहायचा. चुकला असेल तर चुकलाच लिहायचं. त्याचे गुण कापू नयेत. दोन्ही विभागांच्या सह्या असल्याशिवाय केस पूर्ण धरू नये. यासाठी नवीन इमारत, नवीन पद किंवा नवीन यंत्र काही लागत नाही. वेळापत्रकातले दोन तास लागतात आणि पेडोच्या सरांना एक परिपत्रक.

पैशांबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. रूट कॅनॉलला पैसे मिळतात, इम्प्लांटला मिळतात, तोंड तपासायला मिळत नाहीत. एमडीएसच्या प्रवेशात ओरल मेडिसिन, ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थच्या जागा सगळ्यात शेवटी भरतात आणि काही रिकाम्याच राहतात, ते काही मुलांना विषय कळत नाही म्हणून नव्हे. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला त्याबद्दल उपदेश करायला मी जाणार नाही. बाजार हा तोल सावरणार नाही, म्हणून परवाना देणाऱ्याने तो सावरायचा असतो.

एक गोष्ट तर कुठल्याही देशाकडून उसनी आणता येणार नाही. सुरी लागली की गाठ पसरते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तुकडा काढायचा म्हटलं की पेशंट उठतो आणि परत येत नाही. 'बायोप्सी करावी लागेल, इथे सही करा' असं म्हणणारा विद्यार्थी तो पेशंट गमावतो. 'काका, तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा काढू, जागा बधिर करून, आणि रिपोर्ट आला की मीच फोन करीन, काकूंना पण घेऊन या' असं म्हणणारा बहुतेक वेळा टिकवतो. हे बोलणं शिकवायचं तर मराठीत शिकवावं लागेल, आणि त्याला गुण ठेवावे लागतील. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनात हे पुढच्या सत्रापासूनही आणता येईल.

चित्रांच्या प्रश्नपेढीचं काम काढलंत, तर पेशंटची लेखी परवानगी घेतलेले आणि ओळख झाकलेले फोटो, सोबत त्यांचे रिपोर्ट, द्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे इतरही शिक्षक देतील. बऱ्याच जणांच्या फोनमध्ये हे सगळं तसंच पडून आहे. ते कुणाकडे आणि कुठल्या स्वरूपात पाठवायचे, एवढं परिपत्रकाने कळवावं.

आपला,
ओरल मेडिसिन शिकवणारा एक प्राध्यापक